मेंदूत परजीवीचा संशय असताना पाठीतलं पाणी तपासणं: सुई टोचण्याआधीपासून रिपोर्ट वाचेपर्यंत

ताप, फिट आणि बेशुद्धी घेऊन आलेल्या रुग्णाच्या पाठीतलं पाणी काढलं, एकाच प्लेन बल्बमध्ये (रसायन नसलेल्या नमुन्याच्या नळीत) भरलं, आईस पॅकवर ठेवलं आणि चिठ्ठीवर 'सीएसएफ रुटीन' (पाठीतल्या पाण्याची नेहमीची तपासणी) एवढंच लिहून जिल्ह्याला पाठवलं. चार तासांनी लॅबमध्ये तो बल्ब उघडतो तेव्हा बऱ्याच पेशी फुटून गेलेल्या असतात. अमीबा असलाच तर गारठून गोळा झालेला असतो. सोबत रक्तातली साखर पाठवलेली नसते, म्हणून पाण्यातली साखर ४० आली तरी तिचा अर्थ लागत नाही. सुई अगदी बरोबर गेलेली असते. घात होतो तो तिच्या आधी आणि नंतर.

विदर्भातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांनी एल.पी. (कमरेत सुई घालून पाठीतलं पाणी काढणं) कधी केलेली नाही त्यांनी ती वाचून शिकू नये, अनुभवी हाताखालीच शिकावी. मात्र तयारी, क्रम आणि नमुन्याची काळजी ही पूर्ण टीमची कामं आहेत.

## १. आधी ठरवा: पाण्याला कोणता प्रश्न विचारायचा आहे?

मेंदूपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक परजीवीचा पत्ता पाठीच्या पाण्यात लागत नाही. काहींचा रक्तात लागतो, काहींचा सीटी-एमआरआयवर. म्हणून संशय कोणाचा, हे आधी कागदावर लिहा.

गडचिरोली, मेळघाट, गोंदियाच्या जंगलपट्ट्यातून तापाने बेशुद्ध झालेला रुग्ण आला की पहिला संशय फॅल्सिपेरम हिवतापाचा. हा जंतू पाठीच्या पाण्यात सापडत नाही. बोटातून रक्त घ्या, रॅपिड किट लावा, जाड आणि पातळ दोन्ही स्मिअर (स्लाईडवर पसरलेला रक्ताचा थर) करा आणि शिरेतून आर्टेसुनेट सुरू करा. एल.पी. इथे करायची ती सोबत जिवाणूंचा मेंदूज्वर नाही ना, हे पाहायला. जिथे हिवताप कायमचा मुक्कामाला आहे तिथे किट पॉझिटिव्ह आलं म्हणून मेंदूज्वर नाही, असं धरून चालता येत नाही.

ताप नाही, धडधाकट माणसाला पहिल्यांदाच फिट आली, तर फीताकृमीच्या अळ्यांची गाठ, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, डोक्यात ठेवा. त्याचं निदान मुख्यतः सीटी किंवा एमआरआयवर होतं. मेंदूच्या गाभ्यात एकच छोटी गाठ असेल तर बहुतेकदा एल.पी.ची गरजच पडत नाही. गाठी मेंदूच्या आवरणाखालच्या पोकळीत असतील किंवा टीबीशी गल्लत होत असेल, तेव्हा पाण्याचा उपयोग होतो. 'आम्ही माळकरी, डुकराचं मटण शिवत नाही' हे ऐकून संशय सोडू नका. डुकराच्या कच्च्या मांसातून पोटात फीताकृमी होतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होतात, आणि ती अंडी कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून हात, पाणी, कच्च्या भाजीवाटे कोणाच्याही पोटात जातात.

ज्या आजारात सगळा खेळ पाठीच्या पाण्यावर आहे तो नेग्लेरिया अमीबाचा. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, शेताच्या बोड्या, कालवे, उन्हात तापलेलं उथळ पाणी, आणि त्यात डुंबणारी पोरं. नाकात पाणी जातं, अमीबा वासाच्या नसेवाटे मेंदूत चढतो. लक्षणं साधारण १ ते १२ दिवसांत दिसतात आणि त्यानंतर रुग्ण अनेकदा आठवडाही काढत नाही. म्हणून तापात मान आखडलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला विचारा: 'मागच्या दोन आठवड्यांत पोरगा कुठे पोहायला गेला होता का?' उत्तर 'हो' असेल तर ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात गेलं पाहिजे. ही एक ओळ लॅबमधली कामाची पद्धत बदलते.

एचआयव्ही असलेल्या रुग्णात टॉक्सोप्लाझ्मा आणि अकँथअमीबा या परजीवींचा विचार करा, पण आधी स्कॅन. कच्ची किंवा अर्धी शिजलेली गोगलगाय, घोरपड खाल्ल्यानंतर असह्य डोकेदुखी सुरू झाली असेल तर इओसिनोफिलचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मेंदूज्वर लक्षात ठेवा.

तपासा: संशयित आजार, तापाचे दिवस, पोहणं, फिट, एचआयव्हीची स्थिती, आधी दिलेली अँटिबायोटिक्स. या सहा गोष्टी चिठ्ठीवर आल्या का?

## २. करायची की थांबायचं?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. मेंदूत गाठ किंवा सूज असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून श्वास थांबू शकतो. पुढीलपैकी काहीही दिसलं तर सीटी होईपर्यंत सुई बाजूला ठेवा: एका बाजूचा हात-पाय लुळा, बाहुल्या कमी-जास्त, डोळ्याच्या पडद्यावर नसेला सूज, खोल किंवा वाढत जाणारी बेशुद्धी, नुकतीच आलेली फिट, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती घटलेली. नाडी मंदावते आहे आणि बीपी चढतं आहे, अशी जोडी दिसली तर तातडीने रेफर करा.

प्लेटलेट पाहिल्याशिवाय सुई उचलू नका. हिवताप आणि डेंगू, दोन्हींत त्या घसरतात आणि पावसाळ्यात आपल्याकडे दोन्ही एकाच वॉर्डात असतात. ५०,०००च्या खाली असतील किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.५ च्या वर असेल तर थांबा. कमरेवर गळू, फोड असेल तिथून सुई घालायची नाही. शॉकमधल्या किंवा श्वास अडखळणाऱ्या रुग्णाला कुशीवर दुमडायचं नाही.

इशारा: एल.पी. लांबली म्हणून औषध लांबवायचं नाही. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घ्या, सेफ्ट्रायॅक्झोन द्या, हिवतापाचा संशय असेल तर आर्टेसुनेट द्या आणि मग ॲम्ब्युलन्सची वाट पाहा.

## ३. नातेवाइकांशी बोलणं

संमतीच्या कागदावर अंगठा घेणं म्हणजे बोलणं झालं, असं होत नाही. गावाकडे एक भीती पक्की बसलेली आहे: 'पाठीतलं पानी काढलं का मानूस लुळा होते म्हन्ते.' तिला हसू नका, झटकूही नका. रुग्णाच्या भावाला जवळ बसवा, स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवा आणि सांगा: 'भाऊ, मुख्य दोरी इथे वर संपते. आपण सुई त्याच्या खाली घालतो. काढतो ते दोन चमचे पाणी, आणि शरीर तासाभरात तेवढं पुन्हा तयार करतं.' हे खरंच आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, आपण तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या मध्ये जातो, आणि पाणी तासाला सुमारे २० मि.लि. या वेगाने तयार होत असतं.

धोकेही सांगा: डोकेदुखी, टोचल्या जागी दुखणं, क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग. आजार गंभीर असेल तर तेही आधीच सांगा. एल.पी.नंतर रुग्ण दगावला की दोष सुईवर येतो आणि पुढच्या दहा घरांतले लोक नकार देतात. गोंडी किंवा कोरकू बोलणारं कुटुंब असेल तर आशाताईंना बोलावून घ्या. मान हलली म्हणजे समजलं, असं धरू नका.

## ४. सुईच्या आधी लॅब तयार करा

हा टप्पा बहुतेक ठिकाणी असतच नाही. टेक्निशियनला फोन करून विचारा: मायक्रोस्कोप सुरू आहे का, लाईट आहे का, पुढचा एक तास तुम्ही जागेवर आहात का? लॅब बंद व्हायला दहा मिनिटं असताना आणि रुग्ण स्थिर असताना घाई करून पाणी काढण्यात अर्थ नाही. तातडी असेल तर टेक्निशियनला थांबवून घ्या.

ट्रेमध्ये: २२ नंबरची स्पायनल सुई (एक जादा), २ टक्के लिग्नोकेन, सिरिंज, पोव्हिडोन आयोडीन, निर्जंतुक हातमोजे, छिद्राचा टॉवेल, मास्क, मॅनोमीटर (पाण्याचा दाब मोजायची नळी) असेल तर तो. चार बल्ब: एक फ्लोराईडचा आणि तीन निर्जंतुक प्लेन. त्यांवर १ ते ४ आकडे, नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख आधीच लिहा. हातमोजे घातल्यावर कोणी लिहीत नाही, आणि ओल्या बल्बवर चिकटपट्टी टिकत नाही.

रक्तातली साखर आत्ता घ्या, एल.पी.च्या आधी. ग्लुकोमीटरचा आकडा चालेल, पण वेळेसह लिहा. सलाईनमधून डेक्स्ट्रोज चालू असेल तर तेही लिहा.

तपासा: प्लेटलेट, रक्तशर्करा, संमती, चार लिहिलेले बल्ब, जागेवर बसलेला टेक्निशियन. पाचही असतील तरच पुढे.

## ५. कूस, जागा, सुई

अवघड एल.पी.चं कारण बहुतेकदा सुई धरणारा हात नसतो, रुग्णाला धरणारा असतो. डाव्या कुशीवर, पाठ पलंगाच्या अगदी कडेला, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीकडे. दोन्ही खांदे आणि दोन्ही कुल्हे एकावर एक सरळ रेषेत. वरचा खांदा पुढे झुकला की मणका पिळतो आणि सुई हाडावर जाते. मऊ गादीवर कंबर खचते, अशा वेळी रुग्णाला तपासणीच्या टेबलावर घ्या. लहान मुलाला धरताना मान जोराने दाबू नका, श्वास अडतो. धरणाऱ्या परिचारिकेने मुलाच्या ओठांकडे सतत पाहत राहायचं.

कुल्ह्याच्या हाडाच्या दोन्ही वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या मणक्याजवळून जाते. तिच्या वरची किंवा खालची फट धरा. मुलांत खालचीच. आयोडीन पूर्ण वाळू द्या. भूल देऊन दोन मिनिटं थांबा. सुईची तिरकी कड वरच्या बाजूला ठेवून, टोक बेंबीच्या दिशेने, हळूहळू. अडथळा सुटल्याचं जाणवलं की आतली तार काढून पाहा.

मॅनोमीटर असेल तर पहिला थेंब पडू देण्याआधी दाब मोजा, पाय थोडे सैल करून. मोठ्या माणसात ६ ते २० सेंमी पाणी हे सर्वसाधारण. बसवून घेतलेला दाब मोजण्यात धरू नका.

पाणी सिरिंजने ओढायचं नाही, थेंब थेंब पडू द्यायचं. संपल्यावर तार परत आत घालून मग सुई काढा. नंतर रुग्णाला चोवीस तास उशीशिवाय सक्तीने झोपवण्याची पद्धत अनेक वॉर्डांत अजून आहे. तिने डोकेदुखी टळत नाही, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. आराम वाटेल तसं झोपू द्या, पाणी पाजा, दुखलं तर पॅरासिटामॉल द्या.

इशारा: पायात बळ नाही, लघवी अडली, गुंगी वाढली. यांपैकी काहीही झालं तर डॉक्टरला लगेच बोलवा, सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका.

## ६. बल्बांचा क्रम

- पहिला: फ्लोराईड बल्ब, १ ते २ मि.लि. साखर आणि प्रथिनं.
- दुसरा: प्लेन, ३ ते ४ मि.लि. ग्रॅम (जिवाणू दिसावेत म्हणून रंगवलेली स्लाईड), कल्चर, अमीबासाठी ओली स्लाईड (न रंगवलेला ताजा थेंब).
- तिसरा: प्लेन, १ ते २ मि.लि. पेशी मोजणी. सुईने रक्त आलं असेल तर इथवर ते कमी झालेलं असतं.
- चौथा: प्लेन, जमेल तेवढं. टीबीसाठी सीबीनॅट, पीसीआर (दोन्ही जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासण्या), सिस्टिसर्कस (फीताकृमीची अळी) किंवा क्रिप्टोकॉकस (बुरशी) यांच्या तपासण्या. टीबीच्या तपासणीला जितकं जास्त पाणी तितकी पकड चांगली.

मोठ्या माणसात एकूण ८ ते १० मि.लि. घ्यायला हरकत नाही. साधारण २० थेंबांचा एक मि.लि. धरा. बारा थेंब घेऊन सात तपासण्या लिहिणं हा रुग्णावर अन्याय आहे, कारण त्याला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. मुलांत वजन आणि प्रकृती पाहून कमी घ्या, आणि पाणी कमी असेल तर कोणती तपासणी आधी, हा क्रम चिठ्ठीवर लिहा.

रक्ताळलेलं पाणी पहिल्या बल्बपासून तिसऱ्यापर्यंत स्वच्छ होत गेलं तर ते सुईचं रक्त. तिन्हींत सारखंच असेल तर मेंदूतला रक्तस्राव, आणि नेग्लेरियाही, यादीत घ्या.

## ७. लॅबमधला पहिला तास

इथे सावकाश वाचा. परजीवी इथेच सापडतो किंवा इथेच हरवतो.

दुसरा बल्ब फ्रिजमध्ये जाणार नाही. अमीबाला गारवा सोसत नाही, मेंदूज्वराच्या काही जिवाणूंनाही नाही. सेंट्रिफ्यूज करण्याआधी बल्ब हाताने अलगद फिरवा, कारण अमीबा बल्बच्या भिंतीला चिकटून बसतात. एक थेंब स्वच्छ स्लाईडवर, वर कव्हरस्लिप. कंडेन्सर खाली, डायफ्राम बराचसा बंद. लख्ख उजेडात अमीबा दिसत नाही. आधी १०, मग ४० च्या लेन्सवर किमान दहा-पंधरा मिनिटं पाहा.

स्थिर गोल पेशींच्या गर्दीत एखादी पेशी एका बाजूने बोथट, पारदर्शक फुगवटा पुढे टाकते, आतले कण त्यात वाहत जातात आणि पूर्ण पेशी त्याच दिशेने सरकते. मग दुसऱ्या बाजूने नवा फुगवटा. पांढऱ्या पेशीही थोड्या हलतात, पण जागच्या जागी आणि मंद. अमीबा प्रवास करतो. आकार साधारण १० ते २५ मायक्रॉन, केंद्रक एकच आणि त्यात मधोमध ठसठशीत गडद ठिपका. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक तुकड्यांचं असतं. हिवाळ्यात स्लाईड गार पडली तर हालचाल थांबते, ती ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये थोडी ऊबदार करून पुन्हा पाहा.

काही दिसलं नाही तर नमुना हलक्या वेगाने फिरवा: २५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट जोर), १० मिनिटं. दहा सेंमी त्रिज्येच्या सेंट्रिफ्यूजवर हे मिनिटाला साधारण १,५०० फेरे होतात. रोजच्या सवयीने ३,०००-४,००० वर लावू नका. तळाच्या गाळाची पुन्हा ओली स्लाईड करा. दुसरी स्लाईड हवेत वाळवून, मिथेनॉलने पक्की करून जिम्सा किंवा लिश्मनने रंगवा. ग्रॅमसाठी वेगळी स्लाईड करा. ज्योतीवर तापवलेल्या ग्रॅमच्या स्लाईडवर अमीबा ओळखू येत नाही.

पेशी मोजणी तासाभरात संपली पाहिजे. खोलीच्या तापमानाला न्यूट्रोफिल दोन तासांत जवळजवळ निम्मे नाहीसे होऊ शकतात. न्यूबॉर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या आखलेल्या काचेत) पाणी पातळ न करता भरलं असेल तर नऊ मोठ्या चौकोनांतल्या पेशी मोजा, १० ने गुणा, ९ ने भागा. हा दर मायक्रोलिटरचा आकडा.

दोन चुका, दोन्ही नेहमीच्या: पहिली, पांढऱ्या पेशी मोजायचं टर्क द्रावण घालून मगच पाहणं. त्यातल्या आम्लाने अमीबा थिजतो आणि चेंबरमध्ये पांढरी पेशी म्हणून मोजला जातो. दुसरी, न रंगवता चेंबरमध्येच 'लिम्फो-पॉली' (लिम्फोसाईट आणि न्यूट्रोफिल) लिहून देणं. त्यात इओसिनोफिल निसटतात. प्रकार लिहायचे तर रंगवलेल्या स्लाईडवरूनच.

हलणारं काही दिसलं तर आयपीसला मोबाईल लावून व्हिडिओ घ्या आणि मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला पाठवा. त्यात रुग्णाचं नाव दिसू देऊ नका. आणि डॉक्टरला त्याच मिनिटाला फोन करा, रिपोर्ट टाईप होईपर्यंत थांबू नका. अँफोटेरिसिन बी, रिफॅम्पिसिन, अझिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, मिल्टेफोसीन असा एकत्रित उपचार वेळेत सुरू झाला तर रुग्ण वाचू शकतो. केरळात २०२४ मध्ये असे रुग्ण वाचले आहेत. मिल्टेफोसीन कुठे मिळेल, याचा शोध रुग्ण गाडीत बसण्याआधी सुरू करा.

## ८. नमुना पाठवताना दोन डबे

एक डबा बर्फाविना: कल्चर आणि अमीबाचा बल्ब. दुसरा आईस पॅकचा, २ ते ८ अंश: जपानी मेंदूज्वराचं आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी), विषाणूंची पीसीआर, रक्ताचं सीरम. दोन्हींवर मोठ्या अक्षरात लिहा: 'गार नको' आणि 'गार हवं'.

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि उभ्या गाडीत त्याहूनही वर. 'खोलीचं तापमान' म्हणजे ॲम्ब्युलन्सचा डॅशबोर्ड नव्हे. बर्फ न घातलेला थर्मोकोलचा डबा, रुग्णाशेजारी, सावलीत. बल्ब उभा, झाकणावर चिकटपट्टी. चिठ्ठीवर पाणी काढल्याची वेळ लिहा आणि ओल्या स्लाईडवर काय दिसलं तेही. रंगवलेली स्लाईड सोबत द्या.

न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा संशय असेल तर सीरम विसरू नका. इम्युनोब्लॉट ही प्रतिपिंडांची तपासणी पाठीच्या पाण्यापेक्षा सीरमवर जास्त भरवशाची आहे.

## ९. रिपोर्ट हातात आल्यावर

सर्वसाधारण पाणी: स्वच्छ, मायक्रोलिटरला पाचपर्यंत पांढऱ्या पेशी, प्रथिनं डेसिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम, साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश. हे गुणोत्तर ०.४ च्या खाली गेलं तर ते आजाराचं समजा. रक्ताळलेल्या नमुन्यात साधारण ७०० लाल पेशींमागे एक पांढरी पेशी वजा करा.

हिवतापाच्या बेशुद्धीत पाणी जवळपास नॉर्मल येतं. त्यात न्यूट्रोफिलची गर्दी दिसली तर मेंदूज्वराचा उपचार चालू ठेवा, किट पॉझिटिव्ह असलं तरी. न्यूरोसिस्टिसर्कोसिसमध्ये थोडे लिम्फोसाईट, वाढलेली प्रथिनं, कधी इओसिनोफिल, किंवा काहीच नाही. नॉर्मल पाण्याने तो आजार नाकारता येत नाही. साखर घटली तर तो हुबेहूब टीबीसारखा दिसतो, तेव्हा निर्णय स्कॅनसह घ्या. टॉक्सोप्लाझ्माची पीसीआर निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो. मायक्रोलिटरला १० किंवा एकूण पांढऱ्या पेशींच्या १० टक्के इओसिनोफिल असतील तर खाण्याचा इतिहास पुन्हा विचारा.

इशारा: 'सिस्टिसर्कस पॉझिटिव्ह' एवढं वाचून अल्बेंडॅझोल सुरू करू नका. आधी स्कॅन, डोळ्याची तपासणी आणि स्टिरॉईडचं कवच. मेंदूचा दाब वाढलेला असताना किंवा डोळ्यात गाठ असताना हे औषध नुकसान करतं.

न्यूट्रोफिल भरपूर, साखर कमी, प्रथिनं जास्त, आणि ग्रॅमवर एकही जिवाणू नाही: हा रिपोर्ट 'आधी अँटिबायोटिक दिलं असेल' म्हणून बाजूला पडतो. असा रिपोर्ट दिसला की पोहण्याचा प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर 'हो' असेल तर उरलेल्या पाण्याची ताजी ओली स्लाईड करा, पीसीआरसाठी नमुना पाठवा आणि निकाल येईपर्यंत अमीबाचा आणि जिवाणूंचा, दोन्ही उपचार सोबत चालू ठेवा.